दफेदारांबरोबर पाहिलेली हिंगोली

हिंगोलीत मी पहिला मार खाल्ला तो तोफखान्याच्या विहिरीवर. येऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. तहान लागली म्हणून विहिरीकडे वळलो, तर तिथे बायका पाणी भरत होत्या. परका माणूस बघून त्या एकदम बाजूला झाल्या. त्या गडबडीत एकीची घागर गडगडत गेली आणि तिच्या आवाजाबरोबर माझ्या पाठीत काठी बसली. मग दुसरी. कुणीतरी ‘चोर’ म्हणालं. कुणीतरी मानगूट धरून माझं तोंड विहिरीच्या कठड्यावर दाबलं. मला भीती वाटली की माझी जीभ टाळूला चिकटते. आज म्हातारपणीही तसंच होतं. मी काही बोलेना, आणि बोलत नाही तो चोरच, अशी त्या लोकांची खात्री झाली.

तेवढ्यात मेंदी लावलेल्या दाढीचा एक उंच म्हातारा वेताची छडी घेऊन आला. त्यांनी एकेकाला बाजूला सारलं. मला वाटलं, सुटलो. म्हाताऱ्यांनी मला सरळ उभं केलं, नीट बघितलं आणि स्वतःच एक थोबाडीत ठेवून दिली.

“जबान है ना तेरेकू? चोर असशील तर चोर हाय म्हन, नसशील तर न्हाई म्हन. मुक्यानं मार खायाला बैल हायेस का?”

“मी जिनिंगमधला,” मी म्हणालो.

“हां, आता कसा बोलला!” ते लोकांकडे वळले. “जिनिंगचं माणूस हाय. इतकं भितंय, ते चोरी काय करंल? जा आपापल्या घरी.”

लोक हसले. ज्याने पहिली काठी मारली होती तोही हसला आणि त्यानेच माझ्या ओंजळीत पाणी ओतलं.

हे दफेदार. घोडदळातून पेन्शन घेतलेले, राहायला पेन्शनपुऱ्यात. त्यांनी मला तसंच घरी नेलं. त्यांच्या बायकोने, मी तिला पुढे अम्मा म्हणू लागलो, कुरुंद्याची हळद तेलात तापवून माझ्या पाठीला लावली आणि ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी पुढे केली. मी भातावर वाढलेला माणूस. पण ती भाकरी मी जशी खाल्ली तसं आयुष्यात काही खाल्लं नाही. “आणि एक दे त्याला,” दफेदार म्हणाले, “मार खाऊन भूक लागते.”

मी रत्नागिरीकडचा. वडील वारले आणि चौथीत माझी शाळा सुटली. आमच्या गावचा एक फिटर हिंगोलीच्या जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, इंजिन बसवायला निघाला, त्याने मला तेलपाण्याला बरोबर घेतलं. इंजिन बसलं, फिटर परत गेला, मी राहिलो. कापसाचा हंगाम संपला की जिनिंग बंद. मग फाटकावर राखण करायची, यंत्रांना गंज चढू द्यायचा नाही, एवढंच काम. पहिल्याच हंगामात माझ्यासमोर एका गड्याचा हात पट्ट्यात गेला. इंजिन थांबवेपर्यंत पट्टा तो हात घेऊन वरच्या चाकावर दोनदा फिरून आला. तेव्हापासून मी कुठेही गेलो की आधी दार बघतो. मग खिडकी. मग भिंत केवढी उंच आहे, पलीकडे उडी मारली तर पायाखाली काय येईल. लोक म्हणायचे, या कोकण्याला इमारतींचा भारी नाद आहे. नाद कसला. इमारती बघायला मी शिकलो तो भीतीपायी.

दफेदारांनी हे ओळखलं होतं की काय कोण जाणे. हंगाम नसला की शुक्रवारी दुपारची नमाज आटोपून ते फाटकाशी यायचे आणि छडी वाजवायचे. “चल रे, पाय मोकळे करू.” मग आम्ही गावभर हिंडायचो.

हिंगोली हे फौजेने वसवलेलं गाव. इंग्रजांच्या हाताखालची निजामाची फौज इथे पिढ्यान्‌पिढ्या होती, आणि दफेदार ऐन जवानीत असताना ती छावणी उठली. माणसं गेली, नावं राहिली. पायदळ होतं ती पलटण, घोडेस्वार होते तो रिसाला, तोफा होत्या तो तोफखाना, म्हातारे शिपाई टाकले तो पेन्शनपुरा. मधोमध सदर बाजार. दफेदारांचे वडीलही रिसाल्यात होते. या गावातली एकही भिंत अशी नव्हती जिच्याबद्दल त्यांना काही सांगायचं नव्हतं. आणि त्यांच्या तोंडून गावाचा इतिहास म्हणजे कुणी कुणाला कुठे मारलं, एवढाच.

पलटणीच्या बराकींच्या भिंती माणूस आडवा झोपेल एवढ्या रुंद. खाली काळा दगड, वर वीट आणि चुना, पुढे कमानींचा व्हरांडा. उन्हाळ्यातही आत गारवा. एका कमानीच्या खांबात छातीएवढ्या उंचीवर भोक होतं.

“बोट घाल,” दफेदार म्हणाले.

मी घातलं. पेरभर आत गेलं.

“वैशाखाचं ऊन डोक्यात गेलं एका शिपायाच्या. हवालदार आंघोळ करून ह्या खांबाला टेकून बसला व्हता. त्याच्यातून पार होऊन गोळी इथं बसली. लय डाव चुना भरला बघ. धरत न्हाई.”

मी बोट काढून घेतलं. दिवसभर ते बोट मी धोतराला पुसत होतो.

रिसाल्यात घोड्यांच्या पागा होत्या. छप्परं गेली होती; भिंतीतल्या लोखंडी कड्या तेवढ्या शाबूत, आणि दोर घासून घासून त्या आतल्या अंगाने झिजून धारदार झालेल्या. पावसाळ्यात तिथे एक धनगर कुटुंब मेंढरं बसवायचं. दफेदार दर खेपेला त्या धनगरणीशी भांडायचे.

“ही घोड्याची जागा हाय, बाई. इथं अरबी घोडी बांधली जायची. तुझी मेंढरं हागून राहिलीत.”

“मग तुमची घोडी काय अत्तर टाकायची व्हय?” ती काठीवर हनुवटी ठेवून म्हणायची.

दफेदार गोरेमोरे व्हायचे आणि मला पुढे नेऊन त्या कडीजवळ उभं करायचे जिथे एका खुळ्या घोड्याने मोतद्दाराला, म्हणजे त्याची देखभाल करणाऱ्याला, भिंतीला रेटून लाथांनी मारलं होतं. लोकांना मोतद्दार बाजूला काढता येईना, कारण जवळ जाणाऱ्यालाही लाथ बसायची. तसा तो सकाळपासून दुपारपर्यंत तिथेच होता. “तेव्हा पागेची भिंत मागं सरकवली,” ते म्हणायचे. “बघ, ही रांग रुंद हाय, ती अरुंद.” खरोखरच तशी होती. मी तोवर भिंत म्हणजे भिंत समजत होतो. एक माणूस मेला म्हणून भिंत मागे सरकते, हे मला तिथे कळलं.

एकदा त्यांनी मला भर सदर बाजारात ठगांची गोष्ट सांगितली. जुन्या काळी ठग धरून हिंगोलीत आणायचे, बेड्या घालून ठेवायचे आणि मग त्यांनाच घेऊन रस्त्याने त्यांनी पुरलेले मुडदे उकरायला जायचे. ठग प्रवाशाला कसा मारायचा हे दाखवायचं म्हणून दफेदारांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि मला काही कळायच्या आत माझ्या गळ्यात टाकून पीळ दिला. “असं. आवाज न्हाई, रक्त न्हाई.” माझे डोळे पांढरे झाले. समोरचा किराणावाला ओरडला, “दफेदार, सोडा त्याला, उधारी बाकी हाय त्याची!” सगळा बाजार हसला. मीही नंतर हसलो, पण घसा दोन दिवस दुखला.

त्याच बाजारात त्यांनी मला वर बघायला शिकवलं. व्यापाऱ्यांच्या माड्यांचे कोरीव लाकडी खांब सगळे बघतात. पण वरच्या मजल्याच्या खिडक्या इतक्या अरुंद का? तर दरोडेखोर आले की तिथून दगड आणि जळत्या मिरच्यांच्या शेगड्या टाकायच्या म्हणून. जुन्या वस्तीतल्या माळवदाच्या, सपाट मातीच्या छपराच्या, घरांना उजेडासाठी छपरात भोकं ठेवतात. त्या प्रत्येक भोकाशेजारी जात्याची एक जुनी तळी पडलेली असायची. मला वाटायचं, फुटकं जातं वर कशाला नेलं? दरोडेखोर भोकातून आत उतरायचे, म्हणून संध्याकाळी त्यावर तळी सरकवायची. एका घरात माळवदावर निजलेल्यांनी घाबरून ती सरकवली आणि पाय सोडून भोकातून उतरणाऱ्याचं डोकं मध्ये सापडलं. घरच्यांनी उजाडेपर्यंत तळी हलवली नाही. “खालून पाय दिसून राहिले व्हते,” दफेदार म्हणाले. “पयले हालत व्हते. मग न्हाई.”

असं ऐकत ऐकत मी हिंडलो. माझ्यासारख्या भित्र्या माणसाला हे का आवडावं? पण आवडायचं. घरापासून एवढ्या लांब, कुणी नाही, भाषासुद्धा वेगळी. आणि कुणीतरी शुक्रवारी छडी वाजवून बोलावतं. माझ्या बापाने मला कुठे बोट धरून नेलं नव्हतं. माणसं सगळीकडे मरतात, पण कुठे मेली हे ज्याला माहीत त्याच्याबरोबर असलं की मला कमी भीती वाटायची.

एकदा आम्ही पायी औंढ्याला गेलो. देवळाभोवती मी एकट्याने प्रदक्षिणा घातली. दफेदार बाहेर झाडाखाली बसले. खालचं काम काळ्या दगडात, भिंत कुठेच सरळ नाही, कोनात कोन घालत गेलेली, त्यावर हत्तींच्या रांगा. वरचं शिखर मात्र अगदी निराळं, पांढरं, नंतरचं. पातशाही फौजेने वरचं पाडलं आणि मागाहून कुणी ते बांधलं, असं पुजारी म्हणाला. बाहेर येऊन मी ते सांगायला कचरलो. दफेदारांनीच विचारलं, “वर निराळं दिसतंय. पाडलं व्हय?”

“हो. फौजेनं.”

“फौजेत पगारी मानसं असतात,” ते म्हणाले. “हुकूम सुटला की पाडायचं. मी पन पगारीच व्हतो. मला कुनी देऊळ पाड म्हनलं न्हाई, हे माझं नशीब. गावं जाळ म्हनलं व्हतं. सरहद्दीकडं.” परतीच्या वाटेवर त्यांनी मला एकही गोष्ट सांगितली नाही.

मग ते दिवस आले. देश स्वतंत्र झाला, पण निजामाचं राज्य वेगळंच राहिलं, आणि गावात हत्यारबंद टोळ्या हिंडू लागल्या. खाकी कपडे, भाले, थोड्या बंदुका. खेड्यांत जाऊन घरं लुटायची, कडबा पेटवायचा, माणसं मारायची. संध्याकाळी त्या टोळ्या पलटणीच्या मैदानावर कवायत करायच्या. दफेदार छडीवर दोन्ही हात ठेवून बघायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, “ह्यांच्यापेक्षा धनगराची मेंढरं बराबर चालतात.”

मी म्हणायचो, “हळू बोला.”

“काहून? शिपाई हायेत का ते? शिपाई हुकमानं मारतो. हे हौसेनं मारून राहिलेत.”

एके दिवशी टोळीने मला फाटकावरून उचललं. मी हद्दीपलीकडून आलेला, आणि वर्षानुवर्षं गावात भिंती बघत हिंडणारा. बराकीत खाली बसवून त्यांचा म्होरक्या विचारू लागला, “तू पलटनच्या दीवारां कायकू देखता? खिडक्या कायकू गिनता? किसकू खबर देता?” काय सांगणार? भीती वाटते म्हणून बघतो, असं? माझी जीभ चिकटली. बंदुकीचा दस्ता तोंडावर बसला आणि पुढचे दात घशात गेले. ते मी गिळले की थुंकले, आठवत नाही. मग पालथं पाडून पायांच्या तळव्यांवर वेत. एक थकला की दुसरा. तळव्यावरचा वेत डोक्यात वाजतो. मी आई म्हणून ओरडलो की काय ते मला माहीत नाही, पण त्यातला एक जण माझी नक्कल करत होता.

दफेदारांना कुणी सांगितलं ते मला कधी कळलं नाही. व्हरांड्यातून त्यांचा आवाज आला. ते आत आले, मला बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि भिंतीशी जाऊन जमिनीवर बसले.

“इथं माझी खाट व्हती,” ते म्हणाले. “रिसाल्याच्या पागा गळायला लागल्या म्हनून आमाला ह्या बराकीत टाकलं व्हतं. ह्या भितीला माझ्या तेलकट डोक्याचा डाग हाय. तुमी कोन?”

“चाचा, ये जासूस है.”

“हा? ह्याला आपल्या सावलीची खबर ठेवता येत न्हाई. भिती मी दाखवल्या त्याला. मारायचं तर मला मारा. काढा माझे जोडे.”

त्यांनी खरंच जोडे काढले आणि पाय पुढे पसरले. म्हाताऱ्याचे ते पांढरे, नसा वर आलेले पाय. म्होरक्याचा बाप रिसाल्यातला होता. त्या बापाला दफेदारांनी घोड्यावर बसायला शिकवलं होतं. म्होरक्या शिव्या देत बाहेर गेला. कुणी आम्हाला ‘जा’ म्हणालं नाही, कुणी अडवलंही नाही. दफेदारांनी मला पाठुंगळी घेतलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, आणि मी पंचविशीचा घोडा. वाटेत दोनदा टेकले, पण खाली ठेवलं नाही. अम्माने पुन्हा हळद तापवली. पावसाळाभर मी त्यांच्याच ओसरीवर पडून होतो.

त्याच पावसाळ्याच्या शेवटी विमानं आली. हिंदुस्थानची फौज हद्द ओलांडून आत शिरली, अशी बातमी आली, आणि टोळीवाले एका रात्रीत पसार झाले. गावात नुसती कुजबुज. मग खेड्यांतून माणसं यायला लागली, कुऱ्हाडी, विळे, पेटत्या पलित्यांनिशी. वर्षभर ज्यांची घरं जळली ती ही माणसं. टोळीवाले सापडले नाहीत म्हणून जो सापडेल तो. मी नुकता पुन्हा राखणीला जाऊ लागलो होतो; दुपारी जिनिंगच्या फाटकावर होतो, तेव्हा पेन्शनपुऱ्याच्या बाजूने धूर दिसला. अजून नीट चालता येत नव्हतं, तरी पळालो. वाटेत विणकरांच्या गल्लीत एक माणूस उंबऱ्यावर आडवा पडला होता, डोकं आत, पाय बाहेर. मी त्याच्या पायावरून उडी मारली.

दफेदारांच्या गल्लीत अजून कुणी शिरलं नव्हतं. तोंडाशी शेजारचा सुतार वाकस घेऊन बसला होता आणि येणाऱ्याला म्हणत होता, “इकडं काय न्हाई, सगळे पळाले.” अम्मा दाराआड उभी होती.

“दफेदार कुठायत?”

“गेले,” ती म्हणाली. “कोट घातला, तमगे लावले, गेले वाशीमच्या रस्त्याला. किती पाय धरले मी! म्हनाले, पलटन येऊन राहिली, पेन्शनरनं हाजिर व्हायाच पायजे.”

छावणीच्या काळापासूनची ती रीत होती. बाहेरची कुठलीही पलटण हिंगोलीवरून जायची असली की पेन्शनपुऱ्यातले म्हातारे आपापले जुने कोट घालून, त्यावर तमगे म्हणजे पदकं लावून, रस्त्याच्या कडेला ओळीत उभे राहायचे आणि सलाम करायचे. साहेब घोडा थांबवून विचारायचा, कुठल्या रिसाल्यातला? बास, एवढंच. तेवढ्यासाठी हे लोक कोटाला वर्षभर ऊन दाखवायचे. छावणी उठली, साहेब गेले, ओळीतले बाकीचे म्हातारे वारले. आता दफेदार एकटे. फौज म्हणजे फौज, ती कुणाची याच्याशी पेन्शनराला काय करायचं, असा त्यांचा हिशोब.

आणि तो कोट खाकी होता.

छावणीच्या हद्दीचा एक चुनेगच्ची खांब वाशीमच्या रस्त्यावर होता. तिथे ते मला दिसले. ताठ, टाचा जुळवलेल्या, दाढी विंचरलेली. रस्त्यावर दुसरं कुणी नाही. मी जाऊन आधी बटणांनाच हात घातला.

“कोट काढा. आत्ताच्या आत्ता काढा. मारतील.”

त्यांनी माझ्या हातावर छडी मारली. “येडा झाला का? बिनकोटाचा उभा राहू? पलटनसमोर?”

“पलटण नंतर येईल. आधी लोक येतायत. खाकी दिसली की मारतायत.”

“ही खाकी ती न्हाई.”

“मला माहीत आहे! त्यांना माहीत आहे का?”

“त्यांनाबी म्हाईत हाय. ह्या मुलखातल्या लोकांसमोर जलम गेला माझा.”

मी त्यांना ओढलं. ते हलले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडलो, काय ते आता लिहीत नाही. ते माझ्याकडे न बघता रस्त्याकडे बघत राहिले.

लोक ज्वारीच्या शेतातून वर आले, पंधरा-वीस असतील. पुढच्याचा अर्धा चेहरा भाजल्याने आकसलेला होता. त्याच्या वस्तीला टोळीने आग लावली होती. त्याने कोट बघितला आणि काही विचारलंच नाही. पळत आला आणि कुऱ्हाड चालवली. दफेदारांनी छडी आडवी धरली. छडी मोडली आणि कुऱ्हाड उजव्या खांद्यात, मानेच्या मुळाशी रुतली. ते गुडघ्यावर आले. कुऱ्हाड उपसताना जो आवाज झाला तो मी पट्ट्यात हात गेला तेव्हाही ऐकला नव्हता.

मी त्यांच्या अंगावर पडलो. माझ्या पाठीत काठ्या बसू लागल्या.

“बाजूला व्हय रे! ह्यो तर जिनिंगमधला कोकण्या हाय!”

“टोळीनं ह्याचेच दात पाडले ना? मग काहून मधी पडतो?”

“खाकीवाला हाय त्यो, सोड त्याला!”

मला सांगायचं होतं. छावणी, रिसाला, पेन्शन, सलामीची रीत, हा कोट तुमच्या बापाच्या वयाचा आहे, सगळं. या गावाच्या सगळ्या भिंती आधी दाखवल्या असत्या तर त्या कोटाचा अर्थ त्यांना कळला असता. पण कुऱ्हाड वर गेलेली असताना कोण ऐकतो, आणि माझी जीभ तर टाळूला चिकटलेली. मी दोन्ही हातांनी कोट धरला आणि फाडला. बटणं तुटली. जखमेच्या बाजूची बाही ओढली तेव्हा दफेदार किंचाळले. मी तरी ओढलीच. कोट निघाला. मी तो रस्त्यावर, त्या लोकांच्या पायांत फेकला.

“घ्या!” एवढं माझ्या तोंडून निघालं. “मारा त्याला!”

त्यांनी मारलं. कोटाला मारलं. मी खोटं सांगत नाही. मैलोन्‌मैल चालत आलेली ती माणसं, त्यांच्या हातांना थांबता येत नव्हतं. भाजल्या तोंडाचा तो माणूस त्या कापडावर कुऱ्हाड घालत राहिला, खडी उडत होती, तमगे टणटणत होते, आणि तो प्रत्येक घावाला एकच नाव घेत होता, त्याच्या भावाचं असेल. बाकीचेही घालत होते. कोटाच्या चिंध्या झाल्या तसे ते दमले. मग त्यांनी इकडे बघितलं.

कोट निघाल्यावर आत राहिला होता तो एक वाळका म्हातारा, छातीवर पांढरे केस, बरगड्या मोजून घ्याव्यात असा, रक्ताने भिजलेला.

“आरं,” मागचा एक जण म्हणाला, “ह्यो तर पार म्हातारा हाय.”

भाजलेल्या माणसाने कुऱ्हाड रस्त्याच्या मातीत पुसली. “ह्याच्या पोटात काय खाकी हाय का बघा,” कुणीतरी पुन्हा म्हणालं, पण ते मागूनच, आणि पाऊल कुणी पुढे टाकलं नाही. मग ते गावाकडे निघून गेले. गावात त्यांनी पुढे काय केलं ते मला माहीत आहे. ते मी इथे लिहीत नाही.

रक्त थांबेना. मी माझा सदरा काढून त्याचा बोळा केला, जखमेत दाबला आणि गुडघा त्यांच्या छातीवर ठेवून दोन्ही हातांचा भार दिला. जिनिंगमध्ये त्या गड्याचा हात गेला तेव्हा कुणी असं दाबलं नाही, म्हणून तो मेला, हे मी बघितलं होतं. तेवढंच माझं शिक्षण.

तेवढ्यात रस्त्याच्या टोकाला धूळ उठली आणि घरघर ऐकू आली. फौजेचे ट्रक. दफेदारांनी डोळे उघडले.

“पलटन आली. उठव मला.”

“पडून राहा.”

“हात सोड. सलाम करू दे.”

“सोडला तर मराल.”

“मरू दे! पलटन चालली समोरून आनि मी उताना पडू? सोड, भाडखाऊ!”

मी सोडला नाही. ते खालून डाव्या हाताने मला बुक्क्या मारू लागले, माझ्या केसांना हिसडे देऊ लागले, आणि शिव्या सुरू झाल्या. रिसाल्यातल्या शिव्या. माझ्या आईला, माझ्या आजाला, मी ज्या खेचराच्या पोटी जन्मलो त्या खेचराला, ज्या गाढवाने त्या खेचराकडे बघितलं त्या गाढवाला. घोड्याला, मोतद्दाराला, खोगिराला धरून शिव्या. मराठीत, दखनीत, आणि आणखी कुठल्या कुठल्या भाषांत, जिथे जिथे त्यांना फौजेने नेलं होतं तिथल्या. ट्रक एकामागून एक जात होते. वर बसलेली कोवळी पोरं आमच्याकडे बघत होती, रस्त्याच्या कडेला एक उघडा माणूस दुसऱ्या उघड्या माणसाच्या छातीवर बसून त्याला दाबतोय. एकाने बंदूक माझ्यावर रोखली, मग ट्रक पुढे गेला. कुणी थांबलं नाही. कुणी विचारलं नाही, कुठल्या रिसाल्यातला.

मी रडत होतो आणि मनात म्हणत होतो, शिव्या थांबू देऊ नको, देवा. शिव्या चालू आहेत तोवर श्वास चालू आहे. जरा आवाज मंदावला की मी मुद्दाम जास्त जोर द्यायचो, म्हणजे दुखून ते पुन्हा पेटायचे.

संध्याकाळी सुतार आणि त्याचे दोघे भाऊ बाज घेऊन आले. तसाच हात दाबून धरून, बाजेबरोबर तिरका तिरका चालत, मी त्यांना घरी आणलं. गल्लीच्या तोंडाशी त्यांचा आवाज घोगरा झाला होता, तरी तोंड चालूच होतं, आणि सुताराच्या अंगणातला दगड बाजेला लागला तेव्हा त्यांनी त्या दगडाच्या आईबापाचा उद्धार केला. अम्मा दाराआड होती. कोण येतंय, काय घेऊन येतंय, तिला दिसत नव्हतं. तिने ती शिवी ऐकली. दार उघडायचं सोडून ती तिथेच उंबऱ्यात मटकन बसली आणि मोठ्याने रडू लागली, आणि आम्ही बाहेरून दार ढकलतोय तर ते उघडेचना.

“सरक की गं, बये,” बाजेवरून दफेदार म्हणाले.